भूतबंगल्याच्या रांगेतले पन्नास

शुक्रवारचं साप्ताहिक आयव्ही हॉल्रॉइडने चहाबरोबर उघडलं आणि चहा तसाच राहिला. पहिल्या पानावर समुद्रात दूरवर गेलेल्या गावच्या लाकडी धक्क्याचा फोटो, आणि वर ठळक मथळा : 'संध्याकाळी धक्क्यावर भीती, दहांपैकी आठ जणांची कबुली'. खाली नगरपरिषदेचं म्हणणं : धक्क्याचं फाटक संध्याकाळी पाचलाच बंद करावं का, ते सोमवारच्या बैठकीत ठरेल.

आयव्हीचा नाच सहाला सुरू व्हायचा. नवरा गेल्यापासून धक्क्याच्या टोकावरच्या हॉलमध्ये दर शनिवारी ती तो चालवत होती. यॉर्कशरच्या त्या वाऱ्यातही म्हातारी मंडळी गुडघे विसरून यायची. फाटक पाचला बंद म्हणजे नाचाला कायमचं कुलूप.

ती तडक साप्ताहिकाच्या कचेरीत गेली. बातमी लिहिणारी गेनॉर पाइक सँडविच खात होती.

"कोणाला विचारलंस गं हे?"

"पन्नास जणांना, मिसेस हॉल्रॉइड. चाळीस जण हो म्हणाले. आकडे काही माझ्या घरचे नाहीत."

"भीती कसली वाटते त्यांना? माझी?"

"ते नाही विचारलं. 'आज इथे भीती वाटेल असं वाटतं का', एवढंच. मथळ्याला तेवढं पुरतं."

"उद्या ये आणि कुठे उभं राहून विचारलंस ते दाखव. बूट बरे घाल, नाचावं लागेल."

शनिवारी गेनॉर आली आणि धक्क्याच्या मध्यावर थांबली. "त्या दिवशी पाऊस होता. चालत्या माणसाला थांबवलं की तो खेकसतो. इथे छप्पर होतं, माणसं आयती रांगेत उभी होती."

आयव्हीने वर पाहिलं. छपरावर हिरवी कवटी दात विचकत होती.

"ही भूतबंगल्याची रांग आहे."

"ते दिसत होतं हो मला. पण रांग ती रांग."

"अगं बाई, ही माणसं घाबरायला तिकीट काढून उभी होती. भीती वाटली नसती तर पैसे परत मागितले असते त्यांनी."

गेनॉर कवटीकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं ते आवरेना. आवाज ऐकून भूतबंगल्याचा मालक विल्फ टॉरडॉफ सांगाड्याच्या पोशाखात, हातात चहा घेऊन बाहेर आला. सगळं ऐकल्यावर त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे दहा जण नाही म्हणाले? कोण होते ते? नवा सांगाडा बसवलाय मी."

"बऱ्याचशा आजीबाई होत्या," गेनॉर आठवून म्हणाली. "पिशवीत नाचाचे बूट घेतलेल्या."

"मनाला लावून घेऊ नकोस, विल्फ," आयव्ही म्हणाली. "ती माझी माणसं. पावसाची आडोशाला थांबली असतील."

"मग असं लिहिते, नाचाला येणाऱ्यांत घाबरणारं कोणीच नाही."

"तेही लिहू नकोस. मिस्टर ऑल्डरॉइडना माझ्याबरोबर नाचायची धास्ती वाटते. पाय तुडवते मी."

बैठकीत बातमीदाराने तोंड उघडायचं नसतं. सोमवारी गेनॉरने उघडलं. रांगेचं ऐकून सभागृह हसलं. अध्यक्ष तेवढा लालबुंद झाला. नातीला घेऊन तोही त्या रांगेत होता आणि 'हो' म्हणाला होता. फाटकाचा विषय त्याने स्वतःच मागे घेतला.

शुक्रवारी दुरुस्ती छापून आली, पहिल्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टायपात. शनिवारी गेनॉर बरे बूट घालून निघाली, तर भूतबंगल्याच्या खिडकीत तिचा जुना मथळा चिकटवलेला. 'आठ' खोडून वर तांबड्या रंगात 'नऊ' केलेलं.

"हे नऊ कुठून आले, विल्फ?"

"नवा सांगाडा," विल्फ म्हणाला. "मी सुधारित अंदाज धरलाय."

"किती जणांना विचारलंस?"

"आईला विचारलं."

टोकाकडून अकॉर्डियन सुरू झालं. आयव्ही दारात उभी राहून दोघांना हात करत होती. विल्फने कवटीचा मुखवटा खुंटीला अडकवला आणि तो हाडं रंगवलेल्या पोशाखातच गेनॉरबरोबर निघाला.