पॅटर्न विकत नाहीत

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. तुमच्या फोनमधला नव्हे. कपाटाएवढा, लाकडी अंगाचा, पोटात टीव्ही आणि छातीवर दांडी-बटणं असलेला. शाहूपुरीतल्या एका गाळ्यात माझी उमेदीची वर्षं गेली. शाळा सुटली की माझ्याभोवती अशी झुंबड उडे की, ओरडून ओरडून मालकाचा घसा बसे. मी शिव्या खाल्ल्या, गुद्दे खाल्ले, पण एकटा कधी पडलो नाही. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, गाळ्याला कुलूप लागलं आणि माझी रवानगी मालकाच्या गावी कडब्याच्या खोलीत झाली. तिथे माझ्यावर फक्त कोंबड्या बसत.

तिथून मला जिनेशने शिरोलीला आपल्या शेडमध्ये आणलं. त्याचे वडील फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करत. पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना. जिनेश कॉम्प्युटरच्या हुकमाने कापणाऱ्या सीएनसी मशीनवर प्लायवूड कापून जुन्या गेमच्या हुबेहूब प्रती करतो. त्याने मला पुसलं, दुरुस्त केलं, चालू करून पाहिलं. वाटलं, दिवस फिरले! पण त्याने लगेच वायर काढली आणि माप घ्यायला अंगाला टेप लावली.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते कागलचे कृष्णात. लहानपणी ते माझ्यावरच खेळलेले. त्यांनी येताक्षणी दांडी धरली आणि मी मोहरून गेलो.

"ह्योच द्या की!"

"पॅटर्न इकत न्हाईत, पावणं. नवा करून देतो," जिनेश म्हणाला.

किंमत ऐकून कृष्णात उडालेच. "एवढ्यात म्हस येती की वो!"

"नुसतं खोकं स्वस्तात हुतंय. हुबेहूब पायजे तर प्लाय चांगला लागतोय, मशीनला येळ लागतोय. त्येचं पैसं."

सौदा ठरला. नवा भाऊ तयार झाला, कृष्णात बघायला आले. माझी काच काढून भावाच्या खोबणीत बसवली, तर ती खुळखुळ वाजू लागली. जिनेशने टेप लावली. भाऊ सगळीकडून माझ्यापेक्षा थोडा मोठा! जिनेशने कपाळावर हात मारला. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न नेहमी थोडा मोठा करतात. वडिलांची ती सवय याच्या हातात इतकी मुरलेली की, पठ्ठ्याने प्लायवूडलाही आकसायची सूट देऊन टाकली होती.

कृष्णात खो खो हसले. "मग आता जुनाच द्या."

माझा जीव आतल्या आत नाचला.

जिनेशने मान हलवली. "ह्यो हुता म्हणून चूक घावली. आता तर मुळीच देनार न्हाय."

काय म्हणावं या नशिबाला! माझा खरेपणाच माझ्या आड आला.

भाऊ पुन्हा नीट कापला गेला आणि कागलला पोचला. कृष्णातांची मुलं त्याच्यापुढे नंबरासाठी भांडतात म्हणे. मी शेडच्या कोपऱ्यात आहे. मला रोज पुसतात, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवतात. पण माझं बटण कोणी दाबत नाही, आणि त्या गोंगाटासाठी माझा जीव तुटतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात हे तुम्हाला शाळेत शिकवतातच. मी म्हणतो, नुसत्या जपू नका, वापरा. कधी शिरोलीकडे आलात, तर माझं माप घ्यायला येऊ नका. खेळायला या.