गोल बुडाची बादली आणि बत्तीस पोरं

मी बादली बोलतेय. कॉलेजच्या व्हरांड्यात खिळ्याला टांगलेली, वाळूनं भरलेली, लाल रंगाची, पोटावर पांढऱ्या अक्षरांत ‘आग’ लिहिलेली. येता-जाता तुम्ही जिच्यात थुंकता, तीच. ओळखलंत ना? मग आता तोंडातला तोबरा जरा बाजूला ठेवा आणि ऐका.

माझं बूड गोल आहे. जमिनीवर ठेवली की मी लवंडते. बघणाऱ्याला वाटतं, पत्रा ठोकणाऱ्याचा हात चुकला. नाही चुकला. मला उभं राहता येऊ नये अशीच मी घडवली आहे. सपाट बुडाची असते, तर कोणीही उचलून घरी नेली असती, म्हशीला पाणी पाजलं असतं, आणि आग लागली त्या दिवशी भिंतीवर नुसता खिळा उरला असता. म्हणजे माणसांचा स्वभाव मला जन्मायच्या आधीच ठाऊक होता.

माझी पहिली नोकरी हिंगोलीजवळच्या एका जिनिंगात. कापसाचे डोंगर, आणि हवेत सदा पांढरी लव. तिथं दोघे भाऊ हमाली करत. थोरला साजीद, धाकटा दस्तगीर. १९९१च्या फेब्रुवारीत यंत्रातून ठिणगी उडाली आणि कापूस पेटला. माणसं धावली, बाहेर चिंचेखाली जमा झाली. मुकादमानं विचारलं, “आले का समदे?”

मुनीम म्हणाला, “आले असतील.”

बस. एवढंच. मोजायचं कोणाला सुचलं नाही. कोणी पाणी पीत होतं, कोणी विडी पेटवत होतं. दस्तगीरला वाटलं, भाऊ गाडीवानांकडं असेल. भाऊ आत होता.

‘आले असतील’ हे दोन शब्द त्या दिवसापासून माझ्या पत्र्याला गंजासारखे चिकटले. मोठ्या माणसांच्या तोंडात हे शब्द फार असतात. औषध आणलं असेल. कुलूप काढलं असेल. सांगितलं असेल कोणीतरी.

पुढं जिनिंग बंद पडलं, मी भंगारात गेले. दोन वर्षांनी दस्तगीरनं मला भंगारवाल्याकडं पाहिलं. तेव्हा तो एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचर झाला होता. परिचर म्हणजे काचेची भांडी धुणारा, स्पिरिटचे दिवे भरणारा आणि साहेबांना चहा आणणारा. त्यानं मला सायकलच्या दांडीला अडकवून आणलं, घासलं, रंगवलं आणि प्रयोगशाळेच्या दाराशी व्हरांड्यात टांगलं. कॉलेजनं मला मागवलं नव्हतं. कॉलेजला गरज वाटली नव्हती.

माझ्यात पहिली पिचकारी मारली ती तीन डिग्र्या असलेल्या प्राध्यापकानं. पोरांचं नाव उगीच खराब आहे. पोरं बघून शिकतात.

दर शनिवारी दुपारी दस्तगीर मला खाली काढायचा, पोत्यावर पालथी करायचा आणि चाळणी घेऊन बसायचा. सुपारीची खांडं, विड्यांची थोटकं, खडूचे तुकडे निवडून फेकायचा. खराब झालेली वाळू काढून कयाधू नदीची नवी आणायचा. मग ती उन्हात पसरायचा, हातानं खालीवर करायचा, आणि बोटांतून झरझर सुटायला लागली की माझ्यात भरायचा. दर शनिवारी. वर्षानुवर्षं. मी वर्गात कधी बसले नाही, दारात टांगल्या टांगल्या जे कानावर पडलं तेवढंच माझं शिक्षण. पण त्या कॉलेजात मन लावून काम करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि त्याला हजेरीपटावर ‘चतुर्थ श्रेणी’ म्हणत.

सेनगावहून जीपला लोंबकळत येणारी शिवकन्या नावाची पोरगी होती. बारावी सायन्स. जीभ कात्रीसारखी. एका शनिवारी ती त्याच्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मामू, इतकं तर आमची माय गहू बी निवडत न्हाई. काहून चाळून राहिले?”

“गहू वला राहिला तर पीठ बिघडते, बेटा. रेती वली राहिली तर गोळा होऊन बसते. मंग येळेवर सांडत न्हाई.”

“अन् येळ आलीच न्हाई तर?”

“तर अल्लाची मेहेरबानी. आपली चाळणी तर कुठं झिजून राहिली?”

शिवकन्या हसली आणि खाली बसली. त्या दिवसापासून शनिवारी चाळायला दोघं असत. चाळता चाळता तो तिला शिकवायचा, मग तिच्यामुळं बाकीची पोरं जमू लागली. ढकलायचं नाही. पळायचं नाही, चालायचं. धूर असला तर खाली वाकायचं, तोंडाला कापड लावायचं. ओढणी कमरेला बांधायची. सामान जिथल्या तिथं सोडायचं. बाहेर आलं की समोरच्या लिंबाखाली उभं राहायचं, आणि मोजल्याशिवाय कोणी हलायचं नाही. पोरं त्याला ‘मामूची कवायत’ म्हणत. कळमनुरीची अंजली तर पोट धरून हसायची. “मामू, हे पेपरात कितीला येतंय?”

“कवा येईल ते सांगता येत न्हाई, बेटा. म्हणून पाठ करून ठेव.”

आता उपप्राचार्यांबद्दल. माझ्यासारख्या आणखी तीन बादल्या शासनानं पाठवल्या होत्या. त्यातल्या दोन नाहीशा झाल्या. गोल बूड असूनही! एक एका प्राध्यापकाच्या गच्चीवर गुलाबाची कुंडी झाली होती, हे कॉलेजच्या चिमणीलाही ठाऊक होतं. पण उपप्राचार्यांनी त्या गच्चीवर जाण्याऐवजी फर्मान काढलं, की राहिलेल्या दोन्ही बादल्यांना साखळी घाला, कुलूप लावा, चावी माझ्याकडं.

दस्तगीर हात जोडून म्हणाला, “साहेब, आग लागली तर चावी मागायला कुठं यावं?”

“आग काय रोज लागते का रे? चोरी रोज होते.”

अशी ही अक्कल. त्यावर बाकीची सगळी पिकल्या डोक्याची मंडळी हसली. माझ्या कडीत साखळी पडली. चावी मिळायची ती फक्त शनिवारी, चाळण्यापुरती.

१९९९चा फेब्रुवारी. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांना दीडची बस गाठायची होती, म्हणून दोन तुकड्या एकत्र बसवल्या. सोळाच्या जागेत बत्तीस पोरं. बाहेरून कोणी कॉप्या पुरवू नये म्हणून उपप्राचार्यांनी मागच्या दाराला बाहेरून कुलूप ठोकलं. आणि दस्तगीरला पाठवलं चहा आणायला.

शिकवणारे सर दारात डोकावले. “दिवे विझवून भरत बसू नका, तसेच भरा. वेळ नाही.” एवढं बोलून तेही परीक्षकांशेजारी ऑफिसात जाऊन बसले. आत मोठं माणूस एकही उरलं नाही. एका अर्थी बरंच झालं.

दारालगतच्या टेबलावर एका पोरानं जळत्या दिव्यात स्पिरिट ओतलं. ज्योत धारेवरून चढून बाटलीत शिरली, बाटली त्याच्या हातून सुटली, आणि आग टेबलावरून खाली उतरून थेट उंबऱ्यावर पसरली. पुढच्या दारात आग, मागच्या दाराला कुलूप, खिडक्यांना गज.

किंकाळ्या उठल्या. त्यांच्या वर एक आवाज मला ऐकू आला. शिवकन्येचा.

“दिवे झाका रे समदे! ढकलू नका! मागं सरका, खाली बसा!” कोणी पाण्याचं भांडं उचललं, तिनं त्याचं मनगट धरलं. “पाणी नको, पसरंल! ओढण्या आवळा कमरेला! मामू येतेत. खाली बसा म्हणलं ना!”

आणि मामू आला. हातात चहाचा ट्रे. त्यानं ट्रे उलटा केला, कपबशा फरशीवर फुटल्या, आणि तो माझ्याकडं झेपावला. साखळीला एक हिसका दिला. खिळा हलला नाही. मला वाटलं, आता हा चावीसाठी धावणार, आणि धावला की संपलं.

तो धावला नाही. त्यानं माझ्या गोल बुडाखाली तळहात घातला आणि मला जागच्या जागी तिरपी केली. आठवड्याच्या आठवड्याला चाळलेली ती कोरडी वाळू खळ्यातल्या ज्वारीसारखी ट्रेमध्ये ओतली गेली. एक ट्रे उंबऱ्यावर. दुसरा. तिसरा. ज्या बुडाला सगळे हसत होते, त्या बुडानं त्या दिवशी काम केलं.

तिकडून ग्यानबा शिपाई दुसरी बादली खिळ्यासकट उपटून घेऊन आला. ती प्राध्यापकांच्या खोलीबाहेरची. तिची वाळू कोणी कधी चाळली नव्हती. पालथी केली तर काही पडेना, ठोकली तर विटेसारखा एकच लाल गोळा धप्पकन पडला. तीन-तीन डिग्र्यांचा थुंका होता तो, वाळला होता.

सहाव्या ट्रेला उंबरा विझला. टेबल आणि कपाट जळतच होतं, धूर काळा होत चालला होता, पण एक माणूस जाईल एवढी वाट झाली. “चाला!” दस्तगीर ओरडला. “भागू नका, चाला!” पोरं चालली. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, वाकून, एकामागं एक. ती रांग मी अजून विसरले नाही. शिवकन्या दारात आतून उभी राहून एकेकाला पुढं सरकवत होती, आणि धुरात आत कोणी दिसेना तेव्हा शेवटी निघाली.

तोवर ऑफिसातली मंडळी लिंबाखाली पोचली होती. उपप्राचार्य घाम पुसत म्हणाले, “आले, आले सगळे. चला, सुटलो.”

दस्तगीरनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तो बोट नाचवत मोजत होता. एकतीस. परत मोजलं. एकतीस.

“अरे, आले असतील!” उपप्राचार्य चिडले.

माझा पत्रा शहारला. तेच शब्द.

“अंजली!” शिवकन्या ओरडली. “अंजली न्हाई! मामू, तिची जर्नल! तिची जर्नल मागच्या फळीवर होती!”

जर्नल म्हणजे प्रयोगाची वही. पण तिच्यावर सरांची सही नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. त्या सहीसाठी पोरांना वर्षभर इतकं घाबरवून ठेवलेलं असतं, की आगीची भीती तिच्यापुढं लहान. अंजली रांगेतून मागं वळली होती, वहीसाठी.

दस्तगीर आगीकडं धावला नाही. इमारतीला वळसा घालून मागच्या दाराकडं गेला. उपप्राचार्य जुडगा काढून एकेक चावी लावून बघत होते म्हणे. चाळीस चाव्या, एकीवर खूण नाही. पुढचं मी पाहिलं नाही, धुरातून ऐकलं.

“अंजली! बेटा, खाली झोप! तोंडाला ओढणी! माझ्या आवाजाकडं सरक!”

आतून खोकला.

“सरकून राहिली का? दार ठोक!”

दारावर एक थाप. बारीक. मग ग्यानबाची पहार कुलपावर पडल्याचा आवाज. एकदा, दोनदा, पाचदा. मग काहीतरी तुटलं.

मग दस्तगीर कोपऱ्यावरून आला. अंजलीला त्यानं खांद्याशी धरलं होतं. तोंड काळं, डोळे लाल, आणि छातीशी ती मेली वही घट्ट धरलेली. त्यानं तिला रांगेत उभं केलं आणि पहिल्यापासून परत मोजलं. बत्तीस.

मग अगदी हळू म्हणाला, “तेहतीस.”

अंजली खोकत म्हणाली, “मामू, आमी बत्तीसच हाव.”

“व्हय, बेटा,” तो म्हणाला. तेहतिसावा कोण, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. आठ वर्षं उशीर झाला होता, पण त्यानं भावाला मोजून घेतलं.

महिन्याभरात सत्कार झाला. कोणाचा? उपप्राचार्यांचा. ‘प्रसंगावधान’ म्हणून शाल आणि नारळ. दस्तगीर खुर्च्या मांडत होता. भाषणं रंगात आली आणि पोरांतून शिवकन्या उठून उभी राहिली.

“सर, मागच्या दाराची चावी कोणाच्या खिशात होती?”

खाली बस, खाली बस, अशी मोठ्यांत कुजबुज झाली. ती बसली नाही. “मामूची चाळणी नसती तर आज हितं नारळ न्हाई, फोटोला हार असते. बत्तीस.” एवढं बोलून ती निघून गेली, आणि तिच्यामागं एकेक करून सगळी पोरं. ढकलाढकली न करता, चालत.

दुसऱ्या दिवशी माझी साखळी निघाली. मागच्या दाराला आतून कडी बसली, कुलूप गेलं. शाल मात्र उपप्राचार्यांनी परत केली नाही. थंडीत अंगावर दिसायची.

आता २००९ चालू आहे. दोन वर्षांपूर्वी शिवकन्या याच प्रयोगशाळेत शिकवायला आली. पहिल्या तासाला तिनं फळ्यावर काही लिहिलं नाही, वर्गाला घेऊन लिंबाखाली गेली. भिंतीवर नवी सिलिंडरं लागली तेव्हा ऑफिसनं मला भंगारात काढायचं ठरवलं. ती म्हणाली, “सिलिंडर राहू द्या. बादली बी राहील.” सिलिंडर चालवायचं कसं, ते तिनं पोरांना आणि मास्तरांना एकत्र बसवून शिकवलं. मास्तरांना जास्त वेळ लागला.

मी म्हातारी झाले. कड गंजली, ‘आग’मधला काना उडाला. माझी पूजा करू नका, दसऱ्याला हळदकुंकू नको. तंबाखू थुंकायची तर मोरी आहे. माझ्यातली वाळू कोरडी ठेवा, दाराला कुलूप घालू नका, आणि बाहेर आलात की कोणी मोठ्यानं ‘आले असतील’ म्हटलं, तर त्याचं ऐकू नका, मग तो कितीही मोठा असो.

दस्तगीर या वर्षी निवृत्त झाला. तरी प्रात्यक्षिकाच्या दिवशी सायकल घेऊन येतो आणि लिंबाखाली बसतो. परीक्षा सुटली की पोरं एकेक करून त्याच्यासमोरून जातात, आणि तो बोटांवर मोजत राहतो. आज अठ्ठावीस होती. सगळी गेल्यावर त्यानं आणखी एक बोट मिटलं. शिवकन्या मॅडम सायकल धरून शेजारी उभ्या होत्या. त्याचं मोजून होईपर्यंत थांबल्या.