राणीची ओली भिंत

परदेशात जुन्या इमारतींचा इतिहास दोन वर्षं शिकून भाचीला एवढं नक्की जमलं होतं, की भिंतीसमोर उभं राहून मान जराशी तिरकी करायची आणि लगेच काही बोलायचं नाही. मामाला हे कुणी शिकवलं नव्हतं. तो वॉटरप्रूफिंगची कामं घ्यायचा. तीस वर्षं त्यानं लोकांच्या गच्च्या आणि टाक्या सोडून दुसरं काही पाहिलं नव्हतं, आणि त्याचं त्याला दुःखही नव्हतं.

"पोरगी तिकडे नेमकं करते तरी काय, बघून ये," असं बहिणीनं बजावल्यामुळे तो आठ दिवसांसाठी आला होता. म्हणून भाचीनं एका सकाळी त्याला बसमध्ये घातलं आणि आपल्या प्रबंधाचा किल्ला दाखवायला नेलं. वाटेत तिनं राजघराण्याची वंशावळ सुरू केली. चौथ्या पिढीला मामा घोरायला लागला.

किल्ला टेकडीवर होता, भव्य होता, आणि तिकिटाच्या मानानं तर फारच भव्य होता. गाईडबाई वीस जणांना घेऊन खोल्यांमागून खोल्या ओलांडत राणीच्या शयनगृहात आली आणि तिनं आवाज खाली आणला.

"राजा लढाईवरून परत आला नाही. राणी या भिंतीला डोकं टेकून रडली. तीनशे वर्षं झाली, भिंत अजून सुकलेली नाही."

भिंतीवर खरंच ताटाएवढा ओला डाग होता. एका बाईनं रुमाल काढला.

"काय म्हणतेय ती?" मामानं विचारलं. भाचीनं कुजबुजत सांगितलं.

"उन्हाळ्यात कमी रडते का, विचार."

"मामा, प्लीज!"

पण गाईडबाईचं लक्ष गेलं होतं. भाचीनं कान लाल करून प्रश्न विचारला. गाईडबाई खूश झाली. "अगदी बरोबर! पावसाच्या दिवसांत राणीचं दुःख अनावर होतं."

"वरची पन्हळ तुंबलीय," मामा म्हणाला, आणि भाची हात धरेपर्यंत त्यानं भिंतीवर बोटानं टकटक केलं. भिंत 'भद्' अशी वाजली. मग परातीएवढा गिलावा सुटून राणीच्या पलंगापाशी पडला आणि कुठेतरी घंटा वाजायला लागली.

ऑफिसात चष्म्याला साखळी लावलेल्या व्यवस्थापिकेसमोर भाचीनं वारसा, संवेदनशीलता, जबाबदारी असे सगळे जड शब्द वापरून माफी मागितली. आपला व्हिसा रद्द होणार, याबद्दल तिला शंका नव्हती. मामा मात्र छताकडे बघत होता. तिथेही ओल होती.

नुकसान किती झालं ते पाहायला किल्ल्याच्या गवंड्याला बोलावलं. म्हातारा, अंगभर चुना. तो दोघांना घेऊन शयनगृहात गेला. त्यानं पडलेला गिलावा पाहिला, मग मामाची सिमेंटनं खाल्लेली नखं पाहिली. खिंडाराच्या शेजारी त्यानंही बोटानं टकटक केलं. भद्. दोघं एकमेकांकडे बघून असे हसले, जणू एकाच मांडवात जेवलेले व्याही. आणि जिन्यानं सरळ वर निघाले. भाची मागे धावली.

छपरावरची पन्हळ पानांनी गच्च भरली होती. त्यात कबुतराचं घरटं होतं आणि कुणाचा तरी एक मोजा.

"अकरा वर्षं अर्ज देतोय," गवंडी म्हणाला. "ऑफिस म्हणतं, राणी रडायची थांबली तर लोक कशाला येतील?"

भाचीनं हे सांगितलं तेव्हा मामानं बाह्या सरसावल्या. गवंड्यानं खाली ऑफिसच्या खिडकीकडे एकदा पाहिलं आणि जास्तीची थापी पुढे केली.

दोन तास ते खरवडत राहिले. भाची कचऱ्याची पिशवी धरून भाषांतर करत होती. झिरप, उतार, सांधा हे शब्द तिला मराठीतच धड कळत नव्हते, तिकडच्या भाषेतले कुठून आणणार? शेवटी तिनं भाषांतर सोडून दिलं, तर दोघांचं जास्तच चांगलं जमलं. पन्हळीखालच्या चुन्यात गवंड्यानं तिला एक अंगठ्याचा ठसा दाखवला. मूळ बांधकामातल्या कुणा कामगाराचा. राजांवर चौऱ्याण्णव पानं लिहिलेल्या भाचीनं त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. मान तिरकी करायची ती विसरली.

घाबरत घाबरत ती मामाला घेऊन खाली आली, तर शयनगृहाबाहेर ही रांग! आत गाईडबाई नव्या घोळक्याला सांगत होती, "आणि आज सकाळी, तीनशे वर्षांनंतर, राणीचा शोक या भिंतीलाही पेलवला नाही!" मोबाइलवर फटाफट फोटो निघत होते. व्यवस्थापिकेनं मामाचा हात हातात घेऊन दाबला आणि तक्रारीचा कागद फाडून टाकला. गिलाव्याभोवती दोरी लावून झालीसुद्धा होती.

"आता भिंत सुकेल की हो," भाची न राहवून म्हणाली.

"सुकू दे," व्यवस्थापिका म्हणाली. "राणीनं राजाला माफ केलं, असं सांगू."

परतीच्या बसमध्ये बहिणीचा फोन आला. मामानं खिडकीकडे तोंड केलं, पण आवाज अख्ख्या बसला पुरला.

"हो गं, पाहिलं सगळं. छान चाललंय तिचं. पिशवी नीट धरते. उताराचं अजून कळत नाही, पण येईल. इथे एक ओळखीचा माणूस आहे, त्याला सांगून ठेवलंय. दर रविवारी जाईल."

भाची नाही म्हणायला वळली, आणि गवंड्यानं रविवारी किती वाजता बोलावलंय, ते विचारून बसली.