दिवा बंद, बझर चालू

टेलिफोन कंपनीच्या ट्रान्समिशन रूममध्ये सगळे त्यांना मास्तर म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेला नाही असा तंत्रज्ञ त्या इमारतीत उरला नव्हता. लाईन कुठलीही असो, सेटिंगमध्ये केबलचं अंतर किती टाकायचं, सिग्नल किती जोरात सोडायचा, कुठला अलार्म लगेच वाजवायचा आणि कुठल्याला दोन-तीन सेकंद थांबवायचं, हे त्यांना वही उघडावी न लागता ठाऊक असे.

तीन वर्षांपूर्वी त्यांचे कान जायला लागले. आधी बारीक आवाज गेले, मग बायकोची स्वयंपाकघरातली हाक, आणि शेवटी बझर. डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलं. पण कानात यंत्र दिसलं की त्या खोलीतून उचलबांगडी ठरलेली. अलार्म ऐकू येणं ही तिथली पहिली अट होती. मास्तरांनी दुसरी वाट काढली. प्रत्येक अलार्मच्या सेटिंगमध्ये त्यांनी बझरच्या जोडीला टेबलावरचा लाल दिवाही जोडला. दिवा लागला की ते उठत, आणि ऐकू येणाऱ्यांच्या आधी रॅकपाशी पोचत. समोरच्याचे ओठ वाचायलाही ते शिकले. कुणाला संशय आला नाही.

घरात फक्त बायकोला माहीत होतं. ती त्यांच्यासमोर येऊन, खांद्याला हात लावून मगच बोलायची.

तिचा धाकटा भाऊ त्याच खोलीत होता. मास्तरांनीच त्याला तिथे चिकटवलं, बोट धरून काम शिकवलं. आता नियंत्रण कक्षाच्या प्रमुखाची जागा निघाली होती आणि त्या जागेसाठी दोनच नावं होती: मास्तर आणि हा मेहुणा.

त्या मंगळवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास मेहुणा विभागाच्या मोठ्या मॅडमना घेऊन खोलीत आला. मागोमाग बाकीचे आठ-दहा जणही जमले.

"भावोजी, नवी लाईन चालू करायची आहे," तो अगदी समोर येऊन म्हणाला. "मॅडमना बघायचंय तुम्ही कसं करता ते."

मास्तर खूश झाले. खुर्ची ओढून टर्मिनलपुढे बसले आणि समजावू लागले. "हे अंतर बघा. कमी टाकलं तर सिग्नल पोचेपर्यंत विरून जातो. जास्त टाकलं तर पलीकडचं यंत्र बेजार होतं. नवी पोरं इथेच घाई करतात."

तेवढ्यात मेहुण्याने मागच्या टर्मिनलवरून सगळ्या अलार्मचा लाल दिवा बंद केला. पडद्यावरची सूचनाही बंद केली. नुसता बझर ठेवला. मग रॅकपाशी जाऊन एका चाचणीच्या लाईनची केबल उपटली.

बझर कोकलायला लागला. बंद खोलीत तो आवाज सहन होत नाही, दात शिवशिवतात. मास्तर मात्र बोलतच राहिले. सिग्नलमधल्या चुका मोजायच्या कशा, सकाळी त्या जास्त दिसल्या तर केबलच्या सांध्यात ओल आहे हे कसं ओळखायचं, एकेक सांगत गेले. मध्ये त्यांनी मान वळवून पाहिलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं बऱ्याच दिवसांत, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी एक जुना विनोदही सांगितला. दोघे-तिघे हसले. त्यामुळे त्यांना आणखी हुरूप आला.

चार मिनिटं असं चाललं. कुणी थांबवलं नाही.

मग मास्तरांना दिसलं की कोपऱ्यात उभ्या असलेल्या, लाईनचे नकाशे काढणाऱ्या बाईंनी दोन्ही कानांत बोटं घातली आहेत. त्यांनी दिव्याकडे पाहिलं. दिवा विझलेला. त्यांनी बझरच्या डब्यावर तळहात टेकवला. डबा थरथरत होता.

मेहुण्याने एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि तो त्यांच्या तोंडासमोर धरला: ऐकू येतंय का, भावोजी?

मास्तरांनी कागद बाजूला सारला. टर्मिनलवर नोंदी उघडल्या. दहा बावन्न, दिवा बंद, मेहुण्याचं नाव. त्यांनी तिथे बोट ठेवलं. "मॅडम, चालू यंत्रणेचे अलार्म परवानगीशिवाय बदलता येत नाहीत. हा गुन्हा आहे."

"ते मी बघेन," मॅडम म्हणाल्या. ओठ सावकाश हलवून, लहान मुलाशी बोलावं तसं. "पण तीन वर्षं तुम्ही आम्हाला फसवलंत त्याचं काय?"

त्यांना स्टोअरमध्ये पाठवलं. "बरं झालं, स्क्रू काही ओरडत नाहीत," असं कुणीतरी म्हणालं. ते त्यांनी ओठांवरून बरोबर वाचलं. जागा मेहुण्याला मिळाली. मॅडमनी नोंदीकडे कानाडोळा केला.

संध्याकाळी बायकोने दार उघडलं. ते बूटही न काढता म्हणाले, "त्याला कुणी सांगितलं?"

तिने त्यांच्या खांद्याला हात लावला. "मी. त्याला म्हटलं, तुझ्या भावोजींना जरा सांभाळून घे. कधी अलार्म चुकला तर तू असशील. अहो, भाऊ आहे माझा. मला काय ठाऊक तो असं..."

तिचं वाक्य अर्धं असतानाच मास्तरांनी मान फिरवली.

ती वळसा घालून समोर आली. त्यांनी डोळे मिटले. तिने हात धरून हलवलं, तरी उघडले नाहीत. जेवताना त्यांनी नजर ताटावरून उचलली नाही. तिने चिठ्ठी लिहिली. त्यांनी तिची घडी न उघडता ती केराच्या डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या पायाशी बसून बोलत होती, रडत होती. ते खिडकीबाहेर बघत राहिले. तिच्यावर त्यांनी आवाज चढवला नाही, एक वाईट शब्द काढला नाही. त्याची गरजच नव्हती.

पंधरा दिवस तिने प्रयत्न केला. मग सोडून दिला. ताट वाढून ठेवायची आणि निघून जायची. भावाकडेही जाईना.

महिन्याभराने एका रविवारी मास्तरांनी गॅलरीतून पाहिलं. खाली फाटकापाशी ती शेजारणीशी बोलत होती, हातवारे करत, बराच वेळ. मध्येच ती हसली. मास्तर कठड्यावर पुढे वाकले, डोळे बारीक केले. ती काय म्हणते आहे ते इतक्या लांबून कळत नव्हतं.