जिन्याखालचं खोकं

मी मिन्सर बोलतोय, म्हणजे विजेवर चालणारं खिम्याचं यंत्र. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या एका स्वयंपाकघरात, किटलीच्या शेजारी माझी जागा आहे. इथे आल्यापासून माझं अर्धं लक्ष जिन्याखालच्या कपाटाकडे असायचं. तिथे माझं रिकामं खोकं ठेवलं होतं. ज्या घरात खोकं जपून ठेवतात, त्या घरावर मी विश्वास ठेवत नाही.

याला कारण आहे. मी कारखान्यातून पहिल्यांदा गेलो तो वैजयंतीबाईंच्या घरी. त्या मांसाला हात लावत नाहीत. त्यांनी मला पुरण वाटायला आणलं होतं. शिजलेली डाळ माझ्या जाळीत गच्च बसली. त्यांनी मला घाईघाईने पुसलं, त्याच खोक्यात भरलं आणि दुकानाला परत पाठवलं. मग माझ्यावर उघडलेल्या मालाची चिठ्ठी लागली आणि मी स्वस्त झालो.

या घरातल्या दीक्षाने मला निवडलं. ती शाळेत जाते, कमी बोलते. निवडताना तिने इंटरनेटवर लोकांच्या तक्रारीच जास्त वाचल्या असाव्यात, कारण मी येताच तिने माझं पातं, जाळी, वायर सगळं निरखून पाहिलं. मला ते आवडलं नाही.

मला आणलं ते तिच्या आजीसाठी. चंदाबाईंना कवळी बसवल्यापासून मटण चाववत नाही. तयार खिम्यात काय काय दळलेलं असतं कोण जाणे, म्हणून तो त्या खात नाहीत. रविवारी सगळे मटण खायचे आणि त्या नुसत्या रश्श्यात भाकरी कुस्करून उठायच्या.

मला पाहताच त्यांनी वास घेतला. "हे कुणीतरी वापरलेलं आहे. मी यातलं खाणार नाही."

"आई, धुतलंय मी," दीक्षाची आई कल्याणी म्हणाली. "नसेल पटत तर रिटर्न करू. खोकं आहे."

झालं, मला वाटलं.

दीक्षाने मला सुटं केलं आणि जाळीच्या कडेने टूथपिक फिरवली. एक पिवळा, वाळलेला कण निघाला. तो तिने आजीच्या तळहातावर ठेवला. आजींनी तो चुरडून हुंगला.

"अगं, हे तर पुरण. वेलचीचा वास येतोय." मग त्या बारीक हसल्या. "आपल्या मटणाला त्या आधीच्या बाईचं पुरण चालेल. तिच्या पुरणाला आपलं मटण चाललं असतं का, ते मात्र विचारू नका."

कल्याणीही हसली, पण जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी आजींनी स्वतः बुचरकडे जाऊन खांद्याचं मटण समोर कापून घेतलं. दीक्षाने ते फ्रीजमध्ये गार करून एकेक तुकडा माझ्या तोंडात टाकला. आजी शेवटपर्यंत जाळीवर नजर ठेवून उभ्या होत्या. संध्याकाळी मात्र त्यांनी खिमा पुन्हा मागून घेतला.

आज सकाळी जिन्याखालचं कपाट उघडल्याचा आवाज आला.

"आजी, याचं खोकं ठेवायचं का?"

"कशाला? रिसायकलिंगला टाक."

तुम्ही कुणी मिन्सर निवडणार असाल, तर त्यात काय घालणार ते आधी ठरवा. आणि तो एकदा घरचा झाला की खोकं ठेवू नका. माझं खोकं आता बाहेर बिनमध्ये आहे. कचऱ्याची गाडी मंगळवारी येते. तोवर माझी नजर खिडकीवर आहे.