गौहरबीची देग आणि टीपकागदाची पट्टी

मी एक जुनी तांब्याची देग आहे. पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं लोटली होती, तेव्हा शहागंजातल्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं, झाकणाला वाकडी नळी बसवली आणि पोटाला आतून कल्हई लावली. मला विकत घेतलं गौहरबीने. नवऱ्याच्या माघारी लेकीला, अख्तरीला वाढवायचं म्हणून तिने गुलाबपाणी काढायचा धंदा मांडला होता.

मित्रांनो, माझं काम ऐका. गौहरबी माझ्या पोटात गुलाबाच्या पाकळ्या आणि पाणी घाली, झाकणाची फट कणकेने लिंपी आणि खाली जाळ करी. वाफ सुवास घेऊन नळीत शिरे. नळी गार पाण्याच्या घंगाळातून गेलेली होती. तिथे वाफेचं पुन्हा पाणी होई आणि थेंब थेंब बाटलीत उतरे. चोथा माझ्या पोटात राही, सुगंध तेवढा बाहेर जाई. लोक म्हणत, "गुलाबपाणी घ्यावं तर गौहरबीच्या देगीचं." ते ऐकून मी फुलून जात असे.

पुढे अख्तरी कॉलेजात रसायनशास्त्र शिकू लागली आणि एके दिवशी टीपकागदाची पट्टी घेऊन घरी आली. पट्टीच्या खालच्या टोकाशी तिने काळ्या शाईचा ठिपका दिला. ठिपका पाण्याच्या वर राहील असं बघून तेवढं टोक पाण्यात सोडलं. पाणी कागदातून वर चढलं आणि काळ्या ठिपक्यातून निळा, जांभळा, पिवळा असे रंग सुटे होऊन वेगवेगळ्या उंचीवर जाऊन बसले.

"या अल्ला! काळ्याच्या पोटात एवढे रंग?" गौहरबी मला चुलीवर सोडून तिकडे धावली.

"अम्मी, जो रंग पाण्यासोबत रमतो तो वर जातो. जो कागदाला चिकटतो तो मागं राहतो."

इकडे माझा तळ करपत होता, पण कुणाला शुद्ध होती? माझ्या अंगाची लाही लाही झाली. ना जाळ, ना घाम, नुसतं पाणी पिऊन ही बया कौतुक लुटते! त्या दिवसापासून शेजारणी आल्या की गौहरबी त्यांना पट्टी दाखवी. मला दाखवायचं तिला सुचतच नसे. ती पट्टी चुलीत पडावी, असं मला रोज वाटे.

अशातच सरबतवाला बद्रीनाथ उरलेल्या सरबताची बाटली घेऊन तणतणत आला. "भाभी, लग्नात माझं सरबत पिऊन लेकरं आजारी पडली. लई उलट्या झाल्या. गुलाबपाणी तुमचं. कल्हई उडून तुमची देग कळकली असणार!"

गौहरबीने वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत शंका होती. मित्रांनो, ती मला जाळापेक्षा जास्त पोळली. तरीही तिने गुलाबपाण्याचा पेला भरला आणि त्याच्यासमोर घटाघटा प्यायली.

"तुम्ही पिऊन काय व्हतंय? ही देग मोडीत घाला. आजपासून माल बंद," असं म्हणून बाटली तिथंच ठेवून तो निघून गेला.

सरबतात काय मिसळलंय ते बघायला गौहरबीने त्यातलं थोडं माझ्या पोटात ओतलं आणि जाळ केला. मला वाटलं, आता माझी पाळी! पण नळीतून निव्वळ पाणी उतरलं. साखर आणि रंग तळाशीच राहून एकत्र करपले. ज्याची वाफ होत नाही, त्याला मी कसं वेगळं करणार?

मग सरबताच्या भडक रंगाचा संशय येऊन अख्तरीने तसलीच नवी पट्टी घेतली. तिने ओळीने ठिपके दिले: उरलेल्या सरबताचा, खाण्याच्या रंगाचा आणि रंगरेजाकडून आणलेल्या कापडाच्या रंगाचा. पाणी चढलं. सरबताच्या ठिपक्याचे दोन तुकडे झाले. एक खाण्याच्या रंगाच्या उंचीवर थांबला, दुसरा कापडाच्या रंगाशेजारी!

बद्रीनाथला बोलावलं. पट्टी पाहून त्याची मान खाली गेली. "खायचा रंग महाग पडतो, भाभी. साड्यांचा थोडा मिसळला. चूक झाली."

"शेठ, हे लग्नघरी जाऊन तुमच्या तोंडानं सांगा. मगच माझ्या दारात या."

तो गेला आणि सांगून आला. लेकरंही बरी झाली.

माझी अब्रू राखली ती माझ्या वैरिणीने! उपकार मानावेत, तर मत्सर आणखीच पेटला. गौहरबीने ती पट्टी खिडकीशी टांगली. येणारा जाणारा तिलाच पाही. मला नवी कल्हई झाली, पण ती बघायला कोण आलं?

हळूहळू उन्हाने पट्टीचे रंग खाल्ले. एका सकाळी ती कोरी दिसली. घरात कुणाच्या ध्यानातही आलं नाही, आलं ते फक्त माझ्या. मी इतकी वर्षं हेच मागत होते, पण त्या दिवशी मला मुळीच आनंद झाला नाही. तिला तिच्या एका कामापुरतंच आयुष्य होतं, आणि ते तिने माझ्यासाठी वेचलं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी भांडी कळकू देऊ नका, त्यांना वेळेवर कल्हई करा. आणि ज्याने तुमची अब्रू राखली, त्याला तो असतानाच एक चांगला शब्द द्या. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.