उलट्या मोरांचा पट्टा

मी बोलतोय, पण डोकं खाली आणि पाय वर करून. तेव्हा एखादं वाक्य इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या.

सोलापुरात, सात रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर एक बैठं घर आहे. त्या घराच्या बाहेरच्या खोलीत मी अकरा वर्षं भिंतीला चिकटून होतो. मी वॉलपेपरचा एक पट्टा. अंगावर डाळिंबाच्या फांद्या आणि सात मोर. माझे नऊ भाऊ सरळ लागले, मी तेवढा उलटा.

घर धोंडप्पांचं. गिरणीत सुताला खळ लावण्यात त्यांची उमर गेली. भिंतीपलीकडं शेजारच्या दुर्गाकाकूंचं न्हाणीघर, त्यामुळं भिंतीला बारा महिने ओल. लेकीला, म्हणजे उत्कर्षाला, बघायला वैरागचे पाहुणे यायचे ठरले आणि ती ओल झाकायला मला आणलं. माणसांचं मला नवल वाटतं. ओल काढायला त्यांना वर्षानुवर्षं सवड होत नाही, झाकायला एक सकाळ पुरते.

दुकानदारानं चिकटवायची पूड दिली होती. धोंडप्पांनी ती कोपऱ्यात सरकवली. "खळ काय असते, हे मला शिकवतो व्हय?" म्हणत त्यांनी पातेलंभर मैदा शिजवला, बुरशी धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकलं आणि कामाला लागले.

शेवटचा मी उरलो होतो. तेवढ्यात फोन आला, पाहुणे सात रस्त्याला उतरलेत. मग काय विचारता! मला खळ फासली आणि दिलं चिकटवून. हातातली पोह्यांची कढई तशीच घेऊन त्यांच्या पत्नी जगदेवीबाई बाहेर आल्या.

"अहो, मोर बघा की!"

"काय झालं मोरांना?"

"शीर्षासन करायलेत."

आता काढायला वेळ कुठला? पाहुणे दारात. बैठकीत नुसते पोहे चावल्याचे आवाज. मुलाची नजर माझ्यावर पडली आणि त्याची मान हळूहळू तिरकी व्हायला लागली. ते बघून उत्कर्षाला हसू आवरेना, मग तोही हसला. लग्न जमलं. पत्रिका जुळल्या म्हणून जमलं असं सगळे म्हणतात. म्हणू द्या.

त्या दिवसापासून केर काढताना जगदेवीबाईंचं एकच. "सरळ करा की हो ते मोर."

"तूच डोक्यावर उभी राहा. सरळ दिसतील."

रोज तेच बोलणं, आणि रोज दोघं हसायची. दोन वर्षांपूर्वी धोंडप्पा गेले. तेराव्याची माणसं पांगल्यावर जगदेवीबाई माझ्यासमोर चहा घेऊन बसल्या. "आता कोण सरळ करणार?" एवढंच म्हणाल्या. चहा तसाच राहिला.

मग बाईंना खोकला सुरू झाला. औषधं झाली, काढे झाले. डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल आहे का? उत्कर्षा वैरागहून आली. तिनं माझा खालचा कोपरा उचलला. मागं काळीकुट्ट बुरशी. ती आईकडं वळली.

"अव्वा, हे सगळं काढायचंच."

"बाकीचे नऊ काढ. ह्याला हात लावायचा न्हाई."

"अगं, ह्याच्याच मागं जास्त आहे!"

खरं होतं ते. ऐन ओलीवर मीच होतो, आणि धोंडप्पांच्या मैद्यावर ती बुरशी पोसली होती. मोरचूद काही पुरं पडलं नव्हतं. मला बोलता आलं असतं, तर मीच म्हणालो असतो, बाई, मला काढा.

जोतिराम रंगारी आला. त्यानं पत्र्यानं खरवडून माझ्या भावांच्या चिंध्या केल्या. जगदेवीबाई माझ्यापुढं खुर्ची टाकून बसल्या, नाकाला पदर लावून. खोकल्याची उबळ आली ती थांबेना. आवाज ऐकून दुर्गाकाकू पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या.

"वैनी, मी न्हाणीची गळती काढून घेतली बघा. आता तुमी पण हट्ट सोडा."

"त्यांच्या हातचा हाय तो."

"म्हणून सांगते. तुमचा असला खोकला भाऊंना ऐकवला असता का? त्यांनीच हा पट्टा ओढून काढला असता."

जगदेवीबाई उठल्या. "जोतिराम, पत्रा ठेव. कोमट पाणी आण. त्यांची खळ हाय ती, पाण्याचंच ऐकते."

त्यांनी स्वतः फडकं भिजवून मला वरपासून खालपर्यंत शेकलं. जुन्या खळीचा आंबूस वास सुटला. गिरणीतून आलेल्या धोंडप्पांच्या सदऱ्याला यायचा, तोच. बाईंचा हात थांबला. मग पुन्हा चालू लागला.

मी अख्खा सुटलो, एकही मोर न फाटता. छताजवळचा एकच मोर स्वच्छ होता. जगदेवीबाईंनी तो कात्रीनं कापून, पुसून, उन्हात वाळवला. बाकीचे सहा भावांबरोबर पोत्यात गेले. भिंत आता उघडी आहे, वाळते आहे.

तळहाताएवढा उरलेला मी, आता साड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटलोय. दुकानातल्या डिंकानं. "रागवायला आता ते कुठं हाईत," बाई म्हणाल्या.

"अहो वैनी, उलटा लावलाय की!" दुर्गाकाकू ओरडल्या.

"ठाऊक हाय."

तुम्हाला एक विनंती. भिंतीवर काही चिकटवाल, तर आधी तिला वाळू द्या.

रोज सकाळी कपाट उघडतं. "अजून डोक्यावरच?" बाई विचारतात. त्या साडी काढून दार लावेपर्यंत मी कान देऊन ऐकत राहतो. खोकला येत नाही.